'अंगठा ठेवायचा इथं' : एका कथेतल्या तू-तुम्हीचं प्रकरण

प्रकरण अगदी छोटं आहे. एक कथा, दोन माणसं, बँकेतला एक काउंटर आणि मधे काच. कथा माझीच आहे त्यामुळे तिच्यात काय काय फसलं होतं ते सगळं मला माहितीय आणि सांगायला आता लाजही वाटत नाही. तीन ड्राफ्ट झाले, तिन्हीत घटना जवळजवळ त्याच, बदललं ते कोण कोणाला काय म्हणतं एवढंच, आणि पहिला ड्राफ्ट वाचून जे लोक जांभया देत होते तेच तिसऱ्यावर दोन तास भांडले. म्हणून लिहून ठेवतोय.

आधी गोष्ट. कदमबाई, वय ७४, तालुक्याजवळच्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेल्या, पहिली ते चौथी शिकवायच्या. नोव्हेंबर महिना, म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना, बँकेत जायचं आणि मी अजून आहे हे दाखवून यायचं. काउंटरवर जो अधिकारी बसलाय तो सुनील, बाईंचा पस्तीसेक वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. एवढंच. ओळखतात का, ओळखलं तर कोण आधी दाखवतं, आणि दाखवल्यावर पुढे काय.

(ग्रुपमध्ये पहिला प्रश्न आलाच, की जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, २०१४ पासून आहे, घरबसल्या होतं, मग बाई बँकेत जातातच कशाला? तर बाईंच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, मशीन ठसा घेत नाही. आणि दुसरं म्हणजे इस्त्रीची साडी नेसून कुठंतरी कामाला म्हणून जायचा वर्षातला तो एक दिवस, तो कोण सोडेल.)

आमचा ग्रुप म्हणजे सहा जण, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो, एकमेकांच्या कथा मोठ्याने वाचतो आणि चहा पितो. मोठ्याने वाचणं महत्त्वाचं आहे, कारण संवाद खोटा असला की वाचणाऱ्याची जीभच अडखळते, वेगळी टीका करावी लागत नाही.

पहिल्या ड्राफ्टमधला माझा संवाद असा होता:

"नमस्कार मॅडम, मी आपली काय मदत करू शकतो?"
"नमस्कार. मला हयातीचा दाखला द्यायचा आहे."
"कृपया आपलं आधार कार्ड द्या."
"हे घ्या."
"धन्यवाद."

आणि मग दुसऱ्या पानावर सुनील एकदम खुर्चीतून उठतो, "बाई! तुम्ही? अहो तुमच्यामुळेच मी आज या खुर्चीवर आहे!" म्हणतो, बाहेर येऊन पाया पडतो, लाईनीतल्या लोकांच्या डोळ्यात पाणी वगैरे. वाचून झाल्यावर कोणी काही बोललं नाही. आमच्यातले एक जण स्वतः बँकेतून रिटायर झालेत, ते शेवटी म्हणाले, "तीस वर्षं काउंटरला बसलो, 'मी आपली काय मदत करू शकतो' हे वाक्य मी फक्त टेबलावरच्या पाटीवर बघितलंय, माणसाच्या तोंडून नाही."

माझं म्हणणं होतं की दोन सुसंस्कृत माणसं दाखवायची होती मला. पण खरी गंमत इथेच आहे. मराठीत सभ्यपणा 'कृपया'त नसतोच. 'कृपया' एसटी स्टँडच्या लाऊडस्पीकरवर आणि 'कृपया चपला बाहेर काढाव्यात' अशा बोर्डावर राहतं, घरात येत नाही. आपला सभ्यपणा सगळा क्रियापदाच्या शेपटीत असतो. दे, द्या, दे ना, द्या की, देता का, द्याल का, द्यावं. आणि 'जरा'. "जरा पेन देता का" एवढं म्हटलं की अनोळखी माणूस पेन देतो, कृपया लागत नाही आणि धन्यवाद तर त्याहून नाही. मी माझ्या आत्याकडे पोहे खाऊन "धन्यवाद" म्हटलं तर ती विचारेल काय बिनसलंय का तुझं. जवळच्या माणसाला धन्यवाद म्हणणं म्हणजे हिशोब मिटवणं. तर माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये दोन माणसं पानभर एकमेकांचे हिशोब मिटवत होती आणि मग अचानक पाया पडत होती. मधलं नातं कुठेच नव्हतं.

दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मी उलट्या बाजूला पडलो. सगळे सुचवतात ना, रिअल लिही, रिअल लिही. मग रिअल लिहिलं. "हां, बोला." "आज्जी, लाईनीत या." "आज्जी, आधार कुठंय? आधारशिवाय होणार नाही, पुढचे या."

यात एक गोष्ट मात्र सापडली, ती म्हणजे 'आज्जी'. वरवर बघितलं तर चांगला शब्द आहे. काका, मावशी, दादा, ताई, अनोळखी माणसालाही नात्यात ओढून बोलायची आपल्याकडे पद्धतच आहे आणि ती आदराचीच समजतात. पण छत्तीस वर्षं ज्यांना सगळं गाव 'बाई' म्हणत होतं त्यांना काउंटरवरून 'आज्जी' म्हटलं की त्यांची नोकरी, शाळा, हजेरीचं बुक सगळं एका शब्दात पुसलं जातं आणि उरतं फक्त वय. सभ्य शब्दाने सुद्धा माणसाला खाली ठेवता येतं.

आणि 'बाई' या शब्दाचे तर दोन जन्म आहेत. शहरात "आज आमच्या बाई आल्या नाहीत" म्हटलं की भांडी घासणाऱ्या बाई. गावाकडे शाळेच्या अंगणात 'बाई' म्हणजे शिक्षिका, पुढे नाव सुद्धा लागत नाही. म्हणजे सुनील जेव्हा पहिल्यांदा "बाई" म्हणेल तेव्हा ओळख पटली हे वाचकाला आपोआप कळेल, मला "त्याने त्यांना ओळखलं" असं वाक्य लिहायची गरजच नाही. हे दुसऱ्या ड्राफ्टने दिलं. पण 'आज्जी' वरून 'बाई' वर उडी कशी मारायची? कोणत्या क्षणी? एका ओळीत आज्जी आणि पुढच्या ओळीत बाई केलं की परत तोच पाया पडायचा सीन, फक्त जरा कमी पाणी.

यावर मी दोन-तीन महिने अडलो होतो, आणि उत्तर मिळालं ते एका लग्नात.

माझा कॉलेजातला एक मित्र, ज्याला मी आयुष्यभर अरे-तुरे आणि त्याहून खालचं बरंच काही बोललोय, त्याचं लग्न माझ्या मामेबहिणीशी झालं. म्हणजे तो एका दिवसात जावई झाला. आता सगळ्या मामा-मावश्यांसमोर जावयाला "ए, इकडे ये" म्हणायची सोय नाही, आणि "अहो, इकडे या" म्हणायला माझी जीभ वळेना. तर त्या दोन दिवसात मी त्याच्याशी काय बोललो माहितीय? "जेवण झालं का?" "गाडी कुठं लावलीय?" "चहा सांगायचा ना?" "कधी निघायचं?" दोन दिवस. एकदाही तू नाही, एकदाही तुम्ही नाही. तिसऱ्या दिवशी गाडीत बसताना तोच म्हणाला, "अरे किती दमलास." सुटलो.

मराठीत ही पळवाट आहे आणि आपण सगळे ती रोज वापरतो पण तिला नाव नाहीये. समोरच्याला तू म्हणावं की तुम्ही हे ठरत नसलं की आपण वाक्यातून समोरच्यालाच काढून टाकतो. "बसायचं ना?" "कुठं निघाली स्वारी?" "सही इथं करायची." 'आधार आणलंय का' बघा, इथे क्रियापद आधारच्या मागे जातंय, आणणाऱ्याच्या मागे नाही. 'आणलंस' म्हटलं की तो स तू दाखवतो, 'आणलंत' म्हटलं की तो त तुम्ही दाखवतो, दोन्ही काढले की मधेच लोंबकळत राहता येतं, कितीही वेळ.

तर तिसरा ड्राफ्ट. आता सुनीलने बाईंना लाईनीत असतानाच ओळखलंय, पण तो खुर्चीवर आहे, मागे वीस माणसं आहेत, आणि बाईंनी आपल्याला ओळखलंय का हे त्याला माहीत नाही. बाईंचंही तेच, फक्त उलट्या बाजूने. चौथीतल्या पोराला तू म्हणायच्या, पण हा आता साहेब आहे.

"आधार आणलंय का?"
"आहे. पिशवीत आहे."
"अंगठा ठेवायचा इथं."
ठेवला. मशीनचा दिवा लाल.
"परत एकदा. जरा पुसून."
बाईंनी पदराला अंगठा पुसला. परत लाल.
"होत नाहीये. कागदावर करू."
त्याने फॉर्म काढला, पेन शोधलं.
"चष्मा कधी लागला?"
पेन थांबलं.
"पाचवीत. इथली शाळा सुटल्यावर."
"मागं बसायची सवय. म्हणून कळलं नाही तेव्हा."
"पत्ता तोच ना, बाई?"

वाचून झालं आणि कोणी हललं नाही, मग आमच्या बँकवाल्यांनी एवढंच विचारलं, "पेन शोधलं म्हणजे? साखळीला बांधलेलं असतं ना." ते सोडा.

या सगळ्यात तू किंवा तुम्ही एकदाही नाहीये. 'होत नाहीये' च्या जागी आधी 'राहू दे' होतं, ग्रुपमधल्या एकीने लगेच पकडलं, 'राहू दे' हे तू आहे, तुम्ही असेल तर 'राहू द्या'. बरोबर होतं तिचं, काढलं. आणि 'कागदावर करू' मधला करू, त्यात दोघंही आले, तोही आणि बाईही. काउंटरच्या दोन बाजूंची माणसं तिथे पहिल्यांदा एका क्रियापदात बसतात. हे मी ठरवून केलं नव्हतं, खरं सांगतो, नंतर दिसलं.

'चष्मा कधी लागला?' ही ओळ कथेची बिजागरी आहे. यात "मी तुला ओळखलं" कुठेच नाही, पण हा प्रश्न फक्त तेच माणूस विचारू शकतं ज्याने तो चेहरा चष्म्याशिवाय बघितलाय. शिवाय उत्तर द्यायची सक्ती नाही त्यात. सुनीलला ओळख दाखवायची नसती तर "झाली बरीच वर्षं" म्हणून तो सुटला असता, बाईंचाही मान राहिला असता आणि त्याचाही.

यावर अभ्यास झालेला आहे बरं का, आणि आपल्या शेजारचा आहे. पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोघांनी १९७८ मध्ये सभ्य बोलण्यावर मोठा निबंध लिहिला, १९८७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यांनी तीन भाषा घेतल्या होत्या, इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि कोइम्बतूरकडची तमिळ. त्यांचं म्हणणं असं की किती सांभाळून बोलायचं हे तीन गोष्टींवर ठरतं, दोघांमधलं अंतर, कोणाची सत्ता किती, आणि जे मागतोय किंवा सांगतोय ते किती जड आहे. आणि माणसाला दोन प्रकारे मान हवा असतो, एक म्हणजे माझ्या वाटेला जाऊ नका, आणि दुसरा म्हणजे मला आपलं म्हणा. हे वाचून आपली कथा सुधारते असं काही नाही, माझी तरी नाही सुधारली. पण कुठे बिघडलीय ते बघायला उपयोगी पडतं. माझ्या सीनमध्ये 'अंगठा ठेवायचा' ही मागणी तशी पिसाएवढी हलकी. पण तोच अंगठा दोनदा लाल झाला की ती जड होते, कारण आता वीस माणसांसमोर एका म्हाताऱ्या बाईचं शरीर 'मी आहे' हे सिद्ध करू शकत नाहीये. तिथे सुनील "परत ठेवा" म्हणाला असता तर हुकूम झाला असता. 'परत एकदा, जरा पुसून' मध्ये हुकूम कोणावरच नाही, अंगठ्यावरही नाही.

आता ज्यावरून दोन तास भांडण झालं ते. सुनील फॉर्मवर बाईंचं नाव लिहितो, घाईत, डोक्यावर रेघ न देता. बाई काचेतून बघतात.

"शिरोरेघ कुठंय? डोक्यावर रेघ दे की रे."
"देतो, बाई."

इथे पहिल्यांदा तू येतं, ते सुद्धा 'तू' शब्द न येता, 'दे' आणि 'रे' मधून. मला वाटत होतं हीच कथेतली सगळ्यात गोड ओळ. पण आमच्यातला एक जण, सगळ्यात कमी बोलणारा, म्हणाला, "मला 'रे' ऐकून बरं नाही वाटलं." आणि मग त्याने सांगितलं. त्याच्या आजोबांना साठीत असताना गावातली वाड्यावरची दहा वर्षांची पोरं नावाला 'या' लावून हाक मारायची, अरे-तुरे करायची, आणि आजोबा त्या पोरांना "जी" म्हणून उत्तर द्यायचे. जातीमुळे. त्याच्या घरात 'तू' हा शब्द मायेचा व्हायच्या आधी बरीच वर्षं तसा होता. त्याने विचारलं, "तुझा सुनील कोण आहे? आडनाव काय त्याचं? गावातला आहे की वस्तीवरचा? वस्तीवरचा असेल तर शिकून, परीक्षा देऊन, त्या खुर्चीवर बसलाय, आणि वीस माणसांसमोर बाई त्याला 'दे की रे' म्हणतायत."

मी सुनीलला आडनावच दिलं नव्हतं. विचारच केला नव्हता. म्हणजे न देताच मी ते दिलेलं होतं, असं म्हणायला पाहिजे.

ब्राऊन आणि गिलमन, यातला ब्राऊन वेगळा, रॉजर ब्राऊन, या दोघांनी १९६० मध्ये युरोपातल्या भाषांबद्दल हेच लिहिलंय, की तू दोन कारणांनी येतं, सत्तेमुळे किंवा जवळिकीमुळे. कागदावर दोन्ही तू सारखेच दिसतात. फरक कळतो तो परतीच्या वाटेवर, समोरचा तू परत देऊ शकतो का यावर. पण इथे तोही निकष पुरत नाही, कारण विद्यार्थी बाईंना तू कधीच म्हणणार नाही, जात कोणतीही असो. मग वाचकाने ओळखायचं कशावरून?

चहा दोनदा झाला. कोणी म्हणालं 'रे' काढून टाक, कोणी म्हणालं काढलं तर कथाच राहत नाही. शेवटी आम्ही क्रम बघायला लागलो. आधीच्या एका कच्च्या खर्ड्यात बाईच पहिल्यांदा "अरे, तू सुनील ना रे?" म्हणायच्या. त्यात बाई दार ढकलून आत येतात. आत्ताच्या क्रमात आधी सुनील "पत्ता तोच ना, बाई?" म्हणतो. म्हणजे ज्याच्या हातात त्या क्षणी सत्ता आहे तो आधी ती खाली ठेवतो, स्वतःहून, आणि मगच 'रे' येतो. दार त्याने उघडलंय. हा क्रम आता कथेत पक्का आहे. आणि अजून दोन छोट्या गोष्टी घातल्या. 'रे' तोंडातून गेल्यावर बाई एकदा मागे लाईनीकडे बघतात, म्हणजे आपण काय बोलून बसलो हे त्यांना कळतं. आणि सुनीलचं "देतो, बाई" हे गरजेपेक्षा जरा मोठ्याने येतं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतकं. शिपाई लगेच स्टूल आणतो, "बसा बाई". मघाशी तोच शिपाई "ओ आज्जी, तिकडनं" म्हणाला होता.

त्या मित्राने हे वाचलं आणि म्हणाला, "चालेल. पण मला अजून पूर्ण पटलेलं नाही." मलाही आता पूर्ण पटत नाही. 'मोठ्याने' हा शब्द तिथे जास्त काम करतोय असं वाटतं.

एक गोष्ट राहिली, निवेदकाची. हे इंग्रजी कथा लिहिणाऱ्याला बहुतेक पडणारच नाही असं कोडं आहे. आपल्याकडे नुसतं "आली" आणि "आल्या" मध्ये सुद्धा बाजू घेतली जाते. स्वतःची आई 'आली', सासूबाई 'आल्या', एकाच दारातून, एकाच वाक्यात. मी पहिल्यापासून 'कदमबाई आल्या' आणि 'सुनील म्हणाला' लिहीत होतो, म्हणजे गोष्ट सुरू व्हायच्या आधीच निवेदकाने बाईंना वर आणि सुनीलला चौथीच्या वर्गात बसवून टाकलं होतं, मग ओळख पटण्यात सस्पेन्स काय राहणार? लाईनीतल्या माणसाच्या दृष्टीने तर काउंटरवरचे 'साहेब' आहेत. तर आता कथेचं पहिलं पान असं आहे, 'साहेबांनी वर न बघता हात पुढे केला', 'साहेब म्हणाले', आणि चष्म्याच्या ओळीनंतर, कुठलीही सूचना न देता, 'सुनीलने पेन ठेवलं'. साहेबांचा सुनील होतो तो निवेदकाच्या व्याकरणात. सहापैकी दोघांच्या हे लक्षातच आलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

शेवटही बदलला. पाया पडणं गेलं. बाई पिशवी उचलतात, "येते" म्हणतात, आपण निघताना म्हणतो तसं, जाते म्हणत नाही. हयातीचा दाखला देऊन निघालेल्या बाईच्या तोंडी 'येते'. आणि सुनील म्हणतो, "या, बाई. पुढच्या नोव्हेंबरला." एवढंच.

कथा एका दिवाळी अंकाने घेतली. प्रूफ आलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. कोणीतरी मनापासून, अगदी चांगल्या हेतूने, भाषा नीट केली होती. 'अंगठा ठेवायचा इथं' चं 'अंगठा इथे ठेवा', 'आधार आणलंय का' चं 'आधार आणलं आहे का तुम्ही', 'कागदावर करू' चं 'कागदावर करूया आपण', आणि एका ठिकाणी 'कृपया' सुद्धा. फोन केला. पलीकडचा मुलगा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, फोनवर पहिल्यांदाच बोलत होतो. बऱ्याच जागा परत मिळाल्या, पण तोवर काही पानं लागली होती, 'अंगठा इथे ठेवा' तसंच छापलं गेलं.

अंक आल्यावर आत्याने वाचली. फोनवर म्हणाली, छान आहे, पण तो पोरगा आधी जरा तुसडाच वाटतो नाही का रे, मग एकदम कसा बदलतो?